जिल्हा परिषद शाळेतलं समावेशित शिक्षण: ३,५०० रुपयांच्या सेवेचं परीक्षण

खासगी थेरपी सेंटर निवडताना पालक चार ठिकाणी चौकशी करतात, दर विचारतात, कोण शिकवतं ते पाहून येतात. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकता यावं म्हणून, म्हणजे समावेशित शिक्षणात, जे मिळतं त्याची अशी पारख कोणी करत नाही. ‘सरकारी योजना आहे, मिळेल ते घ्यावं’ असं धरून चालतात. पण ही सेवाच आहे. तिचा दर ठरलेला आहे, बाबी ठरलेल्या आहेत, तिच्या मागे कायदा आहे. म्हणून तिच्याकडेही ग्राहकाच्या नजरेनंच पाहायला हवं.

मत आधीच सांगतो. हे सगळं ज्यातून मिळतं त्या समग्र शिक्षा योजनेची आखणी चांगली आहे आणि तालुक्याला काम करणारी बरीच माणसं मनापासून करतात. पैसा मात्र अपुरा आहे, तोही दोन प्रकारे. दर मुलाच्या गरजेवर न ठरता डोक्यांवर ठरतो. शिवाय जेवढं मिळू शकतं तेवढंही मागितलं जात नाही, कारण मागणी कोणत्या महिन्यात, कोणत्या कागदावर नोंदवायची हे पालकांपर्यंत पोहोचतच नाही.

दर आणि त्याचा अर्थ

सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण या योजना एकत्र करून २०१८ मध्ये समग्र शिक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घेतात. राज्यात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत चालते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी त्यात दरडोई वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. सर्व शिक्षा अभियानात हा आकडा ३,००० होता. विशेष शिक्षकांचा पगार यात धरलेला नाही. पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, वर्षातले दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता आहे.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ३,५०० रुपये जसेच्या तसे मुलाच्या खात्यात जमा होत नाहीत. जिल्ह्याचा आराखडा या मर्यादेत बसवायचा असतो. साधनं, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, ब्रेल आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं, थेरपी, गृहाधारित शिक्षण अशा ओळींमध्ये ही रक्कम विभागली जाते. त्यामुळे ‘माझ्या मुलाचे ३,५०० कुठे गेले?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘माझ्या मुलासाठी कोणत्या ओळीत मागणी गेली?’ असं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं.

आकडा किती तोकडा आहे ते एका मुलावर मोजून पाहा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी हवी, असं कमीत कमी धरू. एका सत्राचे ३०० रुपये धरले तर ३,५०० मध्ये अकरा सत्रं होतात. तीन महिन्यांच्या आतच पैसे संपले.

तपासणी शिबिर

तालुका पातळीवरच्या वार्षिक शिबिरासाठी १०,००० रुपयांची तरतूद आहे. मंडप, जेवण, मुलांना आणण्या-नेण्याचा खर्च आणि तज्ज्ञांचा प्रवास एवढ्यातच भागवायचा. मग ऐकण्याची तपासणी शाळेच्या गजबजलेल्या वर्गात होते आणि मूल टाळीला वळलं की ‘ऐकू येतं’ असं लिहिलं जातं. मध्यम श्रवणदोष असलेलं मूल टाळीला वळतंच. त्याला ‘स’, ‘श’, ‘फ’ ऐकू येत नाहीत आणि ते टाळीनं कळत नाही. त्यासाठी शांत खोली आणि ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रानं ऐकण्याची मोजणी, लागते. शिबिर ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात घेतलं तर हा प्रश्न बराचसा सुटतो, आणि खर्च वाढत नाही.

दुसरी अडचण वेळेची. कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), विशेष बूट आणि श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा यांचं माप शिबिरात घेतात, वस्तू काही महिन्यांनी येते. आठ वर्षांच्या मुलाचा पाय तेवढ्यात वाढलेला असतो. घट्ट कॅलिपर दोन दिवस घातलं जातं, कातडी सोलवटते आणि ते माळ्यावर जातं. वाटपाच्या दिवशी जागेवर जुळवून देणारा तंत्रज्ञ हजर आहे ना, हे पालकांनी आधीच विचारावं. नसेल तर पोचपावतीवर ‘माप बसत नाही’ असं लिहूनच सही करावी. कोरी सही केली की कागदावर मुलाला साधन मिळालेलं असतं आणि पुढच्या वर्षीच्या यादीतून त्याचं नाव जातं.

वर्गशिक्षकांसाठी एनसीईआरटीनं २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ हे अ‍ॅप आणलं. त्यात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांची प्राथमिक चाचपणी होते. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात, दुसरा विशेष शिक्षक. अ‍ॅप चांगलं आहे, मात्र ते निदान करत नाही. शिबिराला कोणती मुलं न्यायची ते त्यातून कळतं आणि त्याचा खरा उपयोग तेवढाच. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांच्या आत मिळत नाही. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलाला वाचनात मदत सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहू नये.

साधनं: मिळतात, टिकत नाहीत

साधनं बहुतेक कानपूरच्या एलिम्को या दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडून येतात. शाळकरी मुलांच्या साधनांचा ६० टक्के भार दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून आणि ४० टक्के शिक्षणाच्या निधीतून, अशी विभागणी सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून आहे. साधन देण्यात सेवा बरी आहे. पुढच्या वर्षभराची देखभाल कोणाच्याच अंदाजपत्रकात नीट बसत नाही.

श्रवणयंत्राचंच घ्या. कानामागच्या डिजिटल यंत्राला झिंक-एअर सेल लागतो. यंत्राच्या मापाप्रमाणे तो १३ नंबरचा, केशरी पट्टीचा, किंवा ६७५ नंबरचा, निळ्या पट्टीचा असतो. दोन्ही कानांना यंत्र आणि सेल साधारण दोन आठवडे चालतो असं धरलं तर वर्षाला ५२ सेल. सेलमागे ४० रुपये धरले तर २,०८० रुपये. कान वाढतो तसा साचा सैल होतो. लहान मुलाला तो वर्षातून दोनदाही बदलावा लागतो. एका साच्याचे ४०० रुपये धरले तर दोन कानांचे वर्षाला १,६००. बेरीज ३,६८०. म्हणजे यंत्र फुकट मिळालं तरी नुसत्या सेल-साच्यांचा खर्च दरडोई मर्यादेच्या वर जातो. स्पीच थेरपी यात धरलेलीच नाही.

मग काय होतं? सोबत आलेले सेल संपतात आणि यंत्र शाळेच्या कपाटात जातं. ‘पालक उदासीन आहेत’ असा शेरा पडतो. हा शेरा आम्हाला फार खटकतो. बहुतेक घरांत सेल कुठे मिळतो हेही कोणी सांगितलेलं नसतं. यंत्रातून शिट्टी येत असेल तर बहुतेक वेळा साचा सैल झालेला असतो, यंत्र बिघडलेलं नसतं. नव्या सेलची पट्टी काढली की मिनिटभर थांबून तो बसवावा, कारण हवा आत गेल्यावरच तो सुरू होतो. पट्टी आधीच काढून ठेवलेला सेल न वापरताही उतरतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवावं. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवावं, नाहीतर कोकणातल्या दमटपणात आवाज चिरका येऊ लागतो. वाटपाच्या दिवशी प्रत्येक पालकाला हे दहा मिनिटं करून दाखवलं तर कित्येक यंत्रं वाचतील.

व्हीलचेअरच्या बाबतीत माप पाहा. मोठ्या माणसाच्या खुर्चीत लहान मूल एका बाजूला कलून बसतं आणि पाठीचा बाक वाढतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पट्टे, डोक्याचा आधार आणि समोर ट्रे असलेली वेगळी खुर्ची लागते. मागणीत ‘व्हीलचेअर १’ एवढंच लिहिलं तर साधी खुर्ची येणार.

विशेष शिक्षक

सगळ्यात मोठी गोष्ट इथे घडते आहे. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सामान्य शाळांमधल्या विशेष शिक्षकांचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण ठरलं. ७ मार्च २०२५ ला न्यायालयानं राज्यांना पदं मंजूर करून भरायला पुन्हा सांगितलं. महाराष्ट्रानं त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्रस्तरावर (इथे केंद्र म्हणजे शेजारच्या शाळांचा गट) ४,८६० विशेष शिक्षकांची पदं निर्माण करण्याचा आणि समग्र शिक्षेतल्या २,९८४ कंत्राटी विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला होता. वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर राबलेल्या या लोकांना न्याय मिळाला, याचा मनापासून आनंद आहे. त्याच हिशोबानं १,८७६ पदं भरतीसाठी उरतात.

पण एका केंद्राला एक शिक्षक पुरेल का? समजा, केंद्रात बारा शाळा आणि पंचवीस दिव्यांग मुलं आहेत, त्यांत प्राथमिकची पंधरा आणि वरच्या वर्गांची दहा. ठरलेल्या प्रमाणानं प्राथमिकला दोन आणि वरच्यांना एक, असे तीन शिक्षक हवेत. मंजूर पद एक. तो रोज एक शाळा करत गेला तरी एका शाळेत पंधरवड्यातून एकदा पोहोचेल. अहवाल, प्रशिक्षणं आणि शिबिरं धरली तर त्याहूनही कमी. पंधरा दिवसांतून एकदा शिकवलेलं ब्रेल मुलाच्या बोटांत बसत नाही.

यात आणखी एक बाब अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. विशेष शिक्षकाचं शिक्षण एका दिव्यांगत्वातलं असतं: श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा बौद्धिक अक्षमता. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीत ते लिहिलेलं असतं. श्रवणदोषात शिकलेल्या बाईंना ब्रेल येईलच असं नाही. त्यामुळे केंद्राला एक अशी सरसकट वाटणी करण्यापेक्षा शेजारच्या तीन-चार केंद्रांचा गट करून त्यात तिन्ही प्रकारांचे शिक्षक बसवणं जास्त उपयोगाचं. हे तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर सुचवता येतं आणि त्याला नवा पैसा लागत नाही.

गृहाधारित शिक्षण

२०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यानं तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला. सेवेचा हा सर्वांत दुबळा भाग आहे. घरी येणाऱ्या शिक्षकाच्या भेटवहीत ‘पालकांना मार्गदर्शन केले’ असं लिहिलेलं असेल तर भेट वाया गेली. ‘चमचा स्वतः तोंडापर्यंत नेतो, पाचपैकी दोन वेळा’ असं मोजता येणारं उद्दिष्ट, मागच्या भेटीची नोंद आणि घरच्यांनी पुढच्या भेटीपर्यंत करायचा एक सराव, एवढं त्या पानावर असायला हवं. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची प्रत पालकांनी मागून घ्यावी. वर्गात येऊ शकणाऱ्या मुलाला ‘सांभाळायला अवघड’ म्हणून घरी बसवलं जात असेल तर ते साफ चूक आहे. तिथे मदतनीस भत्त्याची मागणी करायची.

उतार आणि स्वच्छतागृहाचा पैसा ३,५०० मधून येत नाही, तो बांधकामाच्या शीर्षातून येतो. उताराचं प्रमाण १:१२ हवं. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५.४ मीटर लांब. जागा वाचवायला तो निम्म्या लांबीत उरकला की व्हीलचेअर मागे उलटते. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी प्रणालीत, उतार, कठडा आणि दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह यांची नोंद वेगवेगळी होते. तीन्हींपुढे ‘होय’ लिहिलं असेल तर प्रत्यक्ष जाऊन पाहा.

मागणी कशी आणि केव्हा

इथे जास्त वेळ द्यायला हवा, कारण पैसा अडतो तो बहुतेक इथेच.

यू-डायस प्लसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. त्या माहितीत मुलापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरला नसेल तर त्याला दिलेल्या सुविधांचा भाग रिकामाच राहतो आणि पुढच्या वर्षीच्या आराखड्याला ते मूल दिसत नाही. मुख्याध्यापकांकडे जाऊन मुलाची नोंद पडद्यावर पाहून घ्या. ‘बौद्धिक अक्षमता’ आणि ‘अध्ययन अक्षमता’ यांत गल्लत होते, बहुविकलांग मुलापुढे एकच प्रकार टाकला जातो. चूक तिथेच दुरुस्त झाली तर पुढचं सगळं सोपं.

मग शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे शिक्षण हक्क कायद्यानं तिचंच काम आहे. जिल्ह्यांचे आराखडे हिवाळ्यात तयार होऊ लागतात, म्हणून ठराव डिसेंबरच्या आत व्हायला हवा. फेब्रुवारीत दिलेला अर्ज कितीही पोटतिडकीनं लिहिलेला असला तरी तो पुढच्या वर्षावर जातो. ठरावात ‘दिव्यांग विद्यार्थ्यांना सोयी मिळाव्यात’ असं लिहून काही होत नाही. मुलाचा यू-डायसमधला क्रमांक, दिव्यांगत्वाचा प्रकार, नेमकी बाब, नग किंवा महिने, अंदाजे दर आणि एकूण रक्कम, अशी ओळ हवी. उदाहरणार्थ: ‘श्रवणदोष, इयत्ता तिसरी, झिंक-एअर सेल १३ नंबर, ५२ नग, दर ४०, एकूण २,०८०, कानाचे साचे ४, दर ४००, एकूण १,६००’. मुलाचं नाव गावभर फिरणाऱ्या प्रतीत घालू नका, क्रमांक पुरतो.

ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याच्या गट साधन केंद्रात आणि थेट जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाच्या समन्वयकांकडे द्या, आणि दोन्हीकडून आवक क्रमांक घ्या. शाळेनं मागितलं नाही म्हणून तालुक्यानं मांडलं नाही, तालुक्यानं मांडलं नाही म्हणून जिल्ह्यानं धरलं नाही, ही साखळी आवक क्रमांकामुळे तुटते. वरच्या मर्यादेत बसत नाही म्हणून मागणी कमी करून देऊ नका. नामंजूर मागणीही नोंदीत राहते. पुढे दर वाढवायचा मुद्दा मांडताना हातात असतो तो हाच पुरावा. गरजाच ३,५०० च्या मापानं लिहिल्या तर दर पुरेसा असल्याचं आपणच सिद्ध करून देतो.

मंजुरी केंद्र सरकारच्या प्रकल्प मान्यता मंडळात होते आणि त्याचं इतिवृत्त शिक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतं. त्यात राज्याच्या नावाखाली समावेशित शिक्षणाच्या प्रत्येक बाबीपुढे संख्या, दर आणि रक्कम असते. पत्रकार आणि पालक संघटनांनी मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं शेजारी ठेवून वाचावीत. थेरपीची किंवा वाचक भत्त्याची रक्कम घटली असेल तर तिथे लगेच दिसते.

भत्ते थेट खात्यात जातात आणि अडकतात ते बँकेत. मुलाच्या खात्याला आधार जोडलेला नसतो, केवायसी राहिलेलं असतं, किंवा दोन वर्षं व्यवहार न झाल्यानं खातं निष्क्रिय झालेलं असतं. जूनमध्येच खात्यात पन्नास रुपये भरून पाहा, खातं चालू आहे का ते कळतं.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांना स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. समग्र शिक्षेत न बसणारे सेल, साचे, व्हीलचेअरची दुरुस्ती यांसाठी हा निधी मागता येतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडा. लहान ग्रामपंचायतीचं उत्पन्न थोडं असतं, पण दोन मुलांचे वर्षभराचे सेल त्यात निघू शकतात. विशेष शाळांचं खातं वेगळं आहे. त्या २०२२ मध्ये झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, तर आपली शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. ‘तिकडे विचारा’ हे उत्तर म्हणूनच वारंवार मिळतं. सामान्य शाळेतल्या मुलाची जबाबदारी शालेय शिक्षण विभागाचीच आहे. बेंचमार्क दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा अधिक, असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नं दिला आहे. अर्जात हे कलम लिहा.

वर्ष संपल्यावर माहितीच्या अधिकारात जिल्हा परिषदेला तीनच गोष्टी विचारा: समावेशित शिक्षणाच्या प्रत्येक बाबीला मंजूर किती, प्रत्यक्ष मिळाले किती आणि कोणत्या तारखेला, खर्च किती. तारीख सोडू नका. पैसा मार्चमध्ये पोहोचला असेल तर ‘निधी परत गेला’ याचा दोष शाळेवर किंवा विशेष शिक्षकावर टाकता येत नाही. आणि पुढच्या डिसेंबरच्या ठरावाला हेच उत्तर जोडायचं.